मोर्चात न आलेल्या आया

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाला आपल्या अभ्यासवर्गात आजवर कधी तास मिळालेला नाही. कापसाचा भाव, विजेची बिले, वनजमिनींचे दावे, ऊसतोड मजुरांची उचल यांवर आपण रात्री जागवल्या. अपंग मुले आणि त्यांची कुटुंबे हा विषय मात्र आपण सेवाभावी मंडळींकडे सोपवून मोकळे झालो. ही आपली राजकीय चूक होती, असे माझे मत आहे. त्या चुकीत माझा वाटा मोठा आहे, म्हणून आधी तोच सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पारोळा तालुक्यातील एका गावातून तहसील कचेरीवर मोर्चा न्यायचा होता. गावातील एक शेतमजूर बाई आमच्या बैठकांना येत असे, नेमके आणि निर्भीड बोलत असे. पण मोर्चाच्या दिवशी ती हटकून गैरहजर. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा मी रागानेच तिच्या घरी गेलो. दार नुसते ओढून घेतले होते. आत आठ-नऊ वर्षांचा मुलगा जुन्या लुगड्याच्या पट्टीने खाटेच्या पायाला बांधलेला होता. समोर पाण्याचा तांब्या, अर्धी भाकरी. बाई कापूस वेचायला गेली होती. दुपारी त्याला भरवण्यासाठी ती शेतातून धावत आली, मला पाहून ओशाळली आणि म्हणाली, "भाऊ, मी मरी गऊ ते याले कोन देखी?"

समाजवादावर तासभर बोलू शकणारा मी, त्या प्रश्नावर एक मिनिट बोलू शकलो नाही. सरकारी योजनांचे एक पत्रक तिच्या हाती दिले आणि निघून आलो. तिला वाचता येत नव्हते, हे मला ठाऊक होते.

त्या पट्टीचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ती क्रौर्याची खूण नव्हती. मूल विहिरीत पडू नये, चुलीत हात घालू नये आणि दिवसाची मजुरीही बुडू नये, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याचा एवढाच मार्ग त्या आईला उपलब्ध होता. समाजाने पाळणाघर दिले नाही, शाळेने घेतले नाही, दवाखाना जिल्ह्याच्या ठिकाणी. मग उरते ते लुगडे. अशा घरात मुलाची सारी शुश्रूषा आईच्या बिनमोल श्रमावर चालते, आणि ते श्रम कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. बापाची मजुरी, मोठ्या बहिणीची शाळा आणि आईचे सारे आयुष्य, हे तिन्ही मिळून सरकारचा खर्च वाचवतात. श्रमाच्या शोषणाविषयी आपण एवढे बोलतो. हे शोषण आपल्याला का दिसले नाही, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता दाखल्याचे पाहू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. १९९५ च्या कायद्यात ते सात होते. बहुतेक सवलतींना किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. कागदावर हे साधे वाटते. पण बौद्धिक अक्षमतेसाठी मानसशास्त्रीय चाचणी लागते, बहिरेपणासाठी श्रवणचाचणीची यंत्रे लागतात, आणि ती तालुक्याला बहुधा नसतात. म्हणून शिरपूरच्या डोंगराळ पट्ट्यातील पावरा कुटुंबाने धुळ्याला यायचे, रावेरच्या केळीच्या बागेतील मजुराने जळगाव गाठायचे. तेही तपासणीच्या ठरलेल्या वारी. त्या दिवशी तज्ज्ञ रजेवर असला तर पुढच्या वारी. पंधरा वर्षांच्या, स्वतः उभे राहू न शकणाऱ्या मुलाला पाठीवर घेऊन एस.टी.त चढणारी आई तुम्ही पाहिली असेल. ज्या दाखल्यावर त्या मुलाला एस.टी.ची सवलत मिळायची, तो आणायला जाताना ती सवलत मिळत नाही! शिवाय लहान मुलांचा दाखला पुष्कळदा मुदतीचा असतो, म्हणजे काही वर्षांनी हीच यात्रा पुन्हा. माणसे मध्येच नाद सोडतात, आणि मग अधिकारी म्हणतात की लोकच पुढे येत नाहीत.

(शब्दांविषयी एक गोष्ट जाता जाता. पूर्वी 'अपंग' म्हणत, मग 'विकलांग' आले, आता 'दिव्यांग' आहे. प्रत्येक नावाबरोबर फलक नवे झाले. रांग तीच आहे. मी 'अपंग' म्हणतो, कारण ज्यांच्याशी मी बोलतो ती माणसे स्वतःला तेच म्हणतात. कोणाला दुसरा शब्द बरा वाटत असेल तर माझे भांडण नाही.)

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. ही संख्या खरी नाही, कमी आहे. तेव्हा एकवीस प्रकारांची गणनाच नव्हती, हे एक कारण. आणि घरचे लोक सांगत नाहीत, हे दुसरे. मुलगी मतिमंद आहे हे गावाला कळले तर थोरलीचे स्थळ मोडेल, ही भीती आपल्या खानदेशात आजही खरी आहे. तेव्हा पुढच्या जनगणनेत प्रगणक दाराशी येईल त्यावेळी त्या घरात आपला कार्यकर्ता आधी जाऊन आलेला असला पाहिजे.

शाळेचा प्रश्न याहून अवघड आहे. सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या अपंग मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळणे, हा २०१६ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला. हेतू चांगला. पण जेथे शिक्षक घरी फिरकतच नाही, तेथे 'गृहशिक्षण' म्हणजे मुलाचे नाव हजेरीपटात आणि मूल खाटेवर. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा अशा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सांगितले. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षे कंत्राटी विशेष शिक्षकांच्या खांद्यावर चालत आले. त्यांच्या नोकरीचा प्रश्न आणि खाटेवरच्या मुलाचा प्रश्न हे एकच आहेत. शिक्षक संघटनेतील आपल्या मित्रांनी हे पालकांना सांगावे; पालकांनी शिक्षकांच्या धरण्यात बसावे. आजवर दोघे एकमेकांकडे तक्रारदार म्हणूनच पाहत आले.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचे 'मनोबल' केंद्र अंध व अपंग युवकांना ठेवून घेऊन स्पर्धा परीक्षांसाठी तयार करते. ते काम मोलाचे आहे. परंतु तेथवर पोहोचणारा तरुण कशीबशी का होईना, शाळा पार करून आलेला असतो. माझा विषय त्याच्या गावातील, शाळेचा उंबरठाही न ओलांडलेला दुसरा मुलगा आहे.

उंबरठ्यावरून आठवले. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या देवळाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून प्राण पणाला लावले. त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते मुलांना शिकवत, छात्रालयातील मुलांची आईच्या मायेने सेवा करीत. गुरुजींचे नाव घेणाऱ्या आपण आपल्या तालुक्यातील कचेऱ्यांच्या पायऱ्या कधी मोजल्या का? अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे बंधन कायद्याने घातले होते. नियम २०१७ साली जाहीर झाले. मुदत २०२२ मध्येच सरली. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की हे निकष म्हणजे नुसत्या शिफारशी नव्हेत, ते बंधनकारक असले पाहिजेत. आपल्या पक्षाच्या कचेरीलाही पायऱ्याच आहेत. त्यांचे आपण काय करणार, तेही आजच ठरवा.

तुम्ही म्हणाल, एवढ्या कामांत हे आणखी एक काम कशाला? याला उत्तर म्हणून अमेरिकेतील एक हकिकत सांगतो. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शंभरावर अपंग स्त्री-पुरुषांनी एका सरकारी इमारतीत ठाण मांडले. अपंगांविरुद्धचा भेदभाव रोखणारे कलम १९७३ साली झाले होते, पण त्याचे नियम सरकार जाहीर करीत नव्हते. चाकाच्या खुर्चीवरची माणसे फरशीवर निजत होती. त्यांना रोज गरम जेवण कोणी पुरवले? ब्लॅक पँथर पक्षाच्या काळ्या कार्यकर्त्यांनी. वॉशिंग्टनला गेलेल्या त्यांच्या प्रतिनिधींना मदत केली यंत्रकामगारांच्या युनियनने. सुमारे पंचवीस दिवसांनी सरकारला सही करावी लागली. त्या कार्यकर्त्यांना स्वतःची कामे कमी होती, असे कोणी म्हणू शकेल काय?

आपल्याला जेवण पोहोचवायचे नाही. ग्रामसभेत उभे राहायचे आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांवर खर्च करावेत, असा शासनाचा आदेश आहे. दोन लाख उत्पन्नाच्या गावात हे दहा हजार होतात. बहुतेक ठिकाणी ते खर्चच होत नाहीत, किंवा दिवाळीच्या सुमारास माणशी काही रुपये वाटून फोटो काढला जातो. वाटपाला माझा विरोध नाही. गरिबाच्या घरात आलेला रुपया वाया जात नसतो. पण आसपासच्या दहा गावांनी हे पैसे एकत्र लावून मुलांना आठवड्यातून एकदा व्यायाम-उपचार मिळतील अशी सोय करावी, अशी मागणी आपण का करू नये? आधी हिशेब मागावा लागेल, आणि सरपंच पुष्कळदा आपलाच माणूस असेल. खरी परीक्षा तेथे आहे.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. तिच्या मागे मुलाला कोण पाहील? स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. अठरा वर्षांनंतर अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देण्यासाठी त्यात जिल्हा पातळीवरील समिती आहे; जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती तिच्यावर असतात. त्याच न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांचे अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाले. एवढ्याने तिचे उत्तर पुरे होते का? नाही. पालक नेमला तरी त्या पालकाच्या घरात खायला हवे, आणि आई थकल्यावर मुलाने राहायचे कुठे, याचे उत्तर या कायद्यात नाही. तालुक्याला एक निवासी घर, सार्वजनिक पैशावर चालणारे, आईबापांची देखरेख असलेले, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात आली पाहिजे. खर्चाचा प्रश्न कोणी काढला तर त्याला त्या आईची वीस वर्षांची मजुरी मोजून दाखवावी.

मी त्या गावी पुन्हा गेलो तो चार वर्षांनी. मुलगा वारला होता. बाई मोर्चाला आली, पुढच्या रांगेत चालली. मला तिच्या शेजारी चालवले नाही.

मागच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येकाने आपल्या गावाची घरे आठवून, दाखला असलेली आणि नसलेली अशी दोन्ही मुले आज जेवणापूर्वी लिहावीत. ज्यांना एकही घर आठवणार नाही, त्यांनी माझ्याशी बोलून जावे.