यानातला डॉक्टर नक्की कुणाचा?



अंतराळयानातल्या डॉक्टरची गोष्ट बेंगळुरूत सांगायची तर कल्पनेला फार ताण द्यावा लागत नाही. आपल्या विमानपुरात हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था १९५७ सालापासून उभी आहे. राकेश शर्मांच्या तपासण्या इथेच झाल्या. कृत्रिम उजेडाच्या खोलीत त्यांना ७२ तास कोंडून ठेवलं होतं. पुढे गगनयानासाठी निवडलेल्या चौघा वैमानिकांनाही इथल्याच डॉक्टरांनी तपासलं.

अशा तपासणीला जाताना वैमानिकाच्या मनात धाकधूक असतेच. दुखणं सांगितलं तर उपचार होतील, पण उड्डाण हातचं जाईल. समोरचा डॉक्टर बरं करणाराही असतो आणि घरी बसवणाराही. माझ्या मते अंतराळातल्या वैद्यकीय नीतीचा सगळ्यात अवघड पेच इथेच आहे. परग्रहावरची साथ वगैरे त्यानंतरच्या गोष्टी.

एप्रिल १९८४ मध्ये शर्मा सॅल्यूत-७ स्थानकावर पोहोचले, तेव्हा ओलेग अत्कोव्ह हे हृदयरोगतज्ज्ञ तिथे आधीपासून मुक्कामाला होते. म्हणजे आपल्या पहिल्या अंतराळवीराला स्थानकावरच डॉक्टर भेटला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्याच स्थानकावर व्लादिमीर वास्युतिन गेले, तेही मोहिमेचे प्रमुख म्हणून. या खेपेला सोबत डॉक्टर नव्हता. वास्युतिन तापाने आणि वेदनांनी खचले, आणि कित्येक महिने चालायची मोहीम आटोपती घेऊन नोव्हेंबरात सगळ्यांना परतावं लागलं. दुखणं जुनंच होतं, उड्डाण हुकू नये म्हणून त्यांनी ते लपवलं होतं, असं नंतर सांगितलं गेलं. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. खरं बोलणाऱ्याचं स्वप्न मोडतं अशी व्यवस्था असेल, तर माणूस लपवणारच.

‘स्टार ट्रेक’च्या लेखकांनी हा पेच ओळखला होता. त्यांच्या यानात मुख्य डॉक्टरला एक जबरदस्त अधिकार आहे: कप्तान आजारी किंवा भ्रमिष्ट वाटला, तर त्याला पदावरून दूर करायचा. उलट ‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ मालिकेच्या १९९९ मधल्या एका भागात दोन जखमींपैकी एकालाच वाचवता येतं. डॉक्टर आपल्या मित्राला निवडतो आणि अपराधी भावनेने पार कोलमडतो. हा डॉक्टर म्हणजे संगणकाने उभी केलेली प्रकाशाची आकृती. कप्तान त्याची ती आठवणच पुसून टाकते, कारण यानाला चालता-बोलता डॉक्टर हवा असतो. तो भाग मला अस्वस्थ करतो. डॉक्टरच्या सदसद्विवेकाची मालकी यानाकडे जाते, तेव्हा रुग्णाने भरवसा कुणावर ठेवायचा?

खरी घटना याहून दिलासा देणारी आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर संशोधनासाठी चाललेल्या सोनोग्राफीत एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. त्रास काहीच नव्हता. जमिनीवरच्या तज्ज्ञांनी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू केली, पण स्थानकावर साठा मोजका होता. वजनरहित अवस्थेत बाटलीतून औषध सिरिंजमध्ये ओढून घेणंसुद्धा कसरतीचं होतं. पुढे मालवाहू यानातून गोळ्या पोहोचल्या. जानेवारी २०२० मध्ये हे सगळं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, उपयुक्त तपशिलांसह. रुग्णाचं नाव मात्र दिलं नाही. स्त्री की पुरुष, तेही नाही. ज्ञान जगाला मिळालं आणि रुग्णाची खाजगी बाब खाजगीच राहिली.

गगनयान उडेल तेव्हा सारा देश टीव्हीसमोर असेल. मोहीम थोड्या दिवसांची. डॉक्टर जमिनीवर, निरोप रेडिओवरून. एखाद्याला मळमळलं, हृदयाचे ठोके चुकले, तर ते कुणाला कळवायचं, कुणाला नाही? मोहीमप्रमुखाला किती, घरच्यांना किती, पत्रकारांना किती? हे उड्डाणाआधीच, शांत डोक्याने, अंतराळवीरांना सोबत घेऊन लेखी ठरायला हवं. आणि त्यात पहिलंच कलम असावं की डॉक्टरला आपणहून दुखणं सांगणाऱ्याचं नाव पुढच्या मोहिमेच्या यादीतून केवळ तेवढ्यासाठी वगळलं जाणार नाही.