पहिली ऑलिम्पिक विजेती नदीत जिंकली!

क्विझमध्ये हमखास येणारा प्रश्न: ऑलिम्पिक जिंकणारी पहिली बाई कोण? बरेच जण सांगतात, शार्लट कूपर, टेनिस, १९००. एकेरीत पहिली तीच, ते खरंय. पण त्याच पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, तिच्या आधी, २२ मे रोजी हेलेन द पुर्तालेस जिंकून मोकळी झाली होती.

शर्यत शिडाच्या बोटींची. समुद्रात नाही हां, पॅरिसजवळ म्यूलां इथे, सीन नदीत! १८९६ ला अथेन्समध्ये अशा शर्यती ठरल्या होत्या, पण झाल्याच नाहीत. इथे झाल्या, तर नदीवर वाराच पडला. २० मेच्या पहिल्या शर्यतीत कित्येक बोटी शेवटापर्यंत पोचल्याच नाहीत.

हेलेनचा जन्म न्यूयॉर्कचा, नवरा स्विस. 'लेरिना' या बोटीवर तिघं: ती, नवरा हर्मान आणि त्याचा पुतण्या बर्नार. एक ते दोन टनांच्या गटात ते पहिले आले. तीन दिवसांनी त्याच गटाची दुसरी शर्यत झाली, तिच्यात दुसरे.

आता गंमत बघा. ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या कुबर्तांना बायका मैदानात नकोच होत्या. मग ही शिरली कशी? मला वाटतं, बोट घरची होती म्हणून. तिच्यावर कोण बसणार, हे घरातच ठरलं. अर्थात, पैसा होता म्हणून! सीनवर पोटासाठी होडी हाकणाऱ्या बाईला हे दार कुठलं उघडायला?

आणि ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या बोटींची खास बायकांसाठी शर्यत कधी आली? १९८८ ला, सोलमध्ये. तब्बल ८८ वर्षांनी.