चित्राखालील पाटी

(रुग्णालयातील चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी प्रशासकांनी केलेले भाषण)



आपल्या व्यवसायोपचार विभागात येणाऱ्या दिव्यांग मुलांची व प्रौढांची चित्रे आपण आताच पाहिलीत. प्रत्येक चित्राखाली कलाकाराचे नाव, शीर्षक, माध्यम आणि किंमत एवढेच लिहिले आहे. अपंगत्वाचा प्रकारही लिहावा, म्हणजे पाहणाऱ्यांचे मन द्रवेल व विक्री वाढेल, अशी सूचना काही हितचिंतकांनी आपुलकीने केली होती. ती आम्ही नम्रपणे नाकारली. केसपेपरवरील मजकूर भिंतीवर लावण्याचा अधिकार प्रशासनाला नाही.

शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, ती पूर्णपणे गेली. तरीही त्यांनी कागद कापून चित्रे केली, मातीत शिल्पे घडवली आणि १९७२ मध्ये कलाभवनात टाइल्सचे भित्तिचित्र उभे केले. आज त्यांचे काम भारतीय कलेच्या इतिहासात अभ्यासले जाते ते कामाच्या गुणावर.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चित्रांतील मला फारसे कळत नाही. तेव्हा हिशेबाविषयी बोलतो. विक्रीची संपूर्ण रक्कम कलाकाराच्या बँक खात्यात जमा होईल. कलाकार अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीने त्याच्याच नावाच्या खात्यात ती जाईल. चौकटी, छपाई व मांडणीचा खर्च ट्रस्ट सोसेल. चित्र विकत घेतल्याने ते कॅलेंडरवर छापण्याचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क, वेगळा लेखी करार नसेल तर, कलाकाराकडेच राहतो. आपल्या ट्रस्टच्या दिवाळी शुभेच्छापत्रालाही हाच नियम लागू राहील आणि त्यासाठी मानधन द्यावे लागेल. आणखी एक खुलासा, कारण दूरध्वनीवर हाच प्रश्न वारंवार विचारला जातो : चित्राची किंमत ही देणगी नसल्याने तिच्यावर देणगीच्या करसवलतीची पावती देता येणार नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २९ ने दिव्यांग कलाकारांना सुविधा व पाठबळ देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आपल्या आवाक्यातील गोष्टी त्या मानाने लहान आहेत. ब्रशच्या दांड्याला फोम गुंडाळून तो जाड केला, की पकड कमजोर असलेला हातही तो धरू शकतो. कागद टेबलाला चिकटपट्टीने बसवला, की एका हाताने काम करता येते. चित्रे नेहमीपेक्षा खाली टांगलेली पाहून कोणी कार्यकर्त्यांना दोष देऊ नये. चाकाच्या खुर्चीतून पाहणाऱ्याच्या नजरेची ती उंची आहे.

रंगसाहित्यासाठी देणगी द्यावयाची असल्यास ती चित्राच्या किमतीत न मिळवता लेखा विभागात स्वतंत्र द्यावी. काही चित्रांखाली ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिले आहे. ती कलाकारांना स्वतःजवळ ठेवावयाची आहेत. कृपया त्यांच्यासाठी, अधिक रक्कम देऊ करूनही, कोणी आग्रह धरू नये.