देशाची उंची बालपणी घडते



मनुष्याची उंची ही वाडवडिलांची देणगी, तीत आपल्या हाती काय आहे, असे आपण सहज म्हणून जातो. एका व्यक्तीपुरते ते बव्हंशी खरेही आहे. उंच आईबापांची मुले बहुधा उंच निघतात. परंतु एका माणसाची उंची आणि सबंध देशाची सरासरी उंची ह्या भिन्न गोष्टी आहेत. देशाची सरासरी पिढीगणिक बदलू शकते. ती कशाने बदलते, हे जाणून घेणे आपल्या हिताचे आहे.

नेदरलँड्स देशाचे उदाहरण घेऊ. जगातील सर्वांत उंच लोकांत आज डच लोकांची गणना होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सैन्यभरतीसाठी येणाऱ्या डच तरुणांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास होती. पुढे १९८० साली जन्मलेल्या डच पुरुषांची सरासरी १८३.९ सेंटिमीटरवर गेली. चारपाच पिढ्यांत वंश एवढा बदलत नसतो. बदलली ती राहणी. शुद्ध पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, सकस अन्न, लसीकरण आणि बालआरोग्यसेवा ह्यांचा लाभ समाजाच्या सर्व थरांना मिळू लागला. आशियातही असेच घडले. दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या स्त्रिया सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर उंच झाल्या.

मग आपली मुले मुळातच लहान चणीची, असे म्हणावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ ह्या काळात भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांत मुलांची मोजमापे घेतली. आपल्याकडील पाहणी दिल्लीत झाली. ज्यांना आईचे दूध, पुरेसा आहार व निरोगी परिसर लाभला, अशा मुलांची पहिल्या पाच वर्षांतील वाढ सहाही देशांत जवळजवळ सारखीच आढळली. तेव्हा दोष वंशावर ढकलून आपली सुटका होणार नाही.

मूल जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर लांब असते आणि पहिल्या वर्षात आणखी सुमारे २५ सेंटिमीटर वाढते. एवढी झपाट्याची वाढ पुढे आयुष्यात कधीच होत नाही. म्हणून गर्भावस्थेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे १,००० दिवस मोलाचे ठरतात. ह्या काळात आईला अन्न कमी पडले, किंवा बाळाला वरचेवर जुलाब झाले, तर खाल्लेले अंगी लागत नाही. शरीराची शक्ती रोगाशी झुंजण्यात खर्ची पडते आणि वाढ खुंटते. मागाहून दिलेल्या टॉनिकाने ही तूट क्वचितच भरून निघते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातील पाच वर्षांखालील मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३८.४ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्क्यांवर आले. गोव्यात मात्र हेच प्रमाण २०.१ वरून २५.८ टक्क्यांवर गेले. देशाच्या सरासरीहून आपण बरे आहोत, हे समाधान येथे पुरेसे नाही. वाटचाल उलट दिशेने झाली, हे ध्यानी घेतले पाहिजे.

मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण खोटी नव्हे. ठेंगणा माणूस कोणत्याही अर्थाने उणा नसतो. परंतु कुपोषणाने ज्या मुलाची उंची खुंटते, त्याच्या बुद्धीच्या वाढीलाही अनेकदा धक्का पोहोचतो. खरी चिंता ती आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीची नोंदही काळजीपूर्वक व्हावी. दोन वर्षांखालील मूल निजवून, त्याहून मोठे उभे करून मोजावे. सहा महिने पूर्ण होताच आईच्या दुधाच्या जोडीला मऊ भात, डाळ, नाचणी, अंडे किंवा मासळी द्यावी. पंचायतीने विहिरीभोवतीची घाण हटवावी. शिक्षकांनी मुलींच्या अल्पवयीन विवाहाला विरोध करावा, कारण कोवळ्या वयातील मातेचे बाळ बहुधा अशक्त जन्मते. आणि घरातल्या सुनेने सर्वांच्या मागून उरलेसुरले खावे, ही रीत आता मोडावी. तिच्या ताटात जे पडेल, त्यावर उद्याच्या पिढीची उंची ठरणार आहे.