कात्रजला आपलंच रान बघितलं
(मारुंजी येथील वस्ती-बैठकीतील भाषण)



मागच्या रविवारी आपल्या वस्तीतली पोरं आणि नातवंडं सांभाळायला इथं आलेल्या म्हाताऱ्या, असे सगळे मिळून कात्रजला गेलो. राजीव गांधी प्राणी संग्रहालय, पुणे महापालिकेचं. तळं धरून १३० एकर जागा. पोरांनी वाघ बघितला, हत्तीपुढून तर हलेनात. ते ठीकच.

मला बोलायचंय ते म्हाताऱ्यांबद्दल. त्या वाघापाशी फार रमल्या नाहीत. सांबर, भेकर, गवा इथं थांबल्या. पोरं पाटी वाचत होती, तर आंबेगावकडची एक आजी म्हणाली, "पाटी राहू दे, मी सांगते." भेकर कुत्र्यागत भुंकायला लागलं की बिबट्या फिरतोय समजायचं, गुरं आत घ्यायची. सांबर कुठल्या पाणवठ्यावर उतरायचं, कुठल्या बांधावरून नाचणीत शिरायचं, तो बांध तिच्या सासऱ्यानं कुठल्या दुष्काळात घातला, सगळं पाठ. शेकरूचं कुणीतरी विचारलं. म्हणाली, "ते खाली उतरत नाय सहसा. फांदीला फांदी लागलेली पायजे त्याला. म्हणून देवराईत कुऱ्हाड न्यायची नाय."

आता बघा, याच शेकरूसाठी १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. शेकरू हा राज्यप्राणी. त्याचं रान तिथं टिकलं, जिथं आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करत आली, देवराई राखत आली. आणि दावा केला की याच माणसांना विचारतात, पुरावा काय?

आजी बोलली तो पुरावा! वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. त्यातला नियम १३ वाचा. सरकारी कागद हाच एक पुरावा नाही. घर, झोपडी, बांध, विहीर, दफनभूमी, देवाचं ठिकाण, हेही पुरावे. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला, तर तोही पुरावा. दाव्याला असे किमान दोन लागतात. "अभयारण्यात हक्क मिळत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला कायद्याचं कलम २ दाखवा. वनजमिनीत अभयारण्य धरलेलं आहे. आणि कलम ४(५): दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हलवता येत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, दाव्यांवर ठराव करायचा तर निम्मे दावेदारही. आणि गावातली कर्ती माणसं तर इथं, मारुंजी-हिंजवडीच्या इमारतींवर. गेलं की हजेरी बुडते, मुकादम कटकट करतो, खरंय. (कात्रजच्या जनावरांना बुधवारची सुट्टी असते, आपल्याला तीही नाही.) पण सभा तहकूब झाली की दावा तिथंच पडतो. तेव्हा एका गावच्यांनी एकत्र निघा, गाडीभाडं वर्गणीतून काढू. बायांनीही यायचं, त्यांची हजेरीही मोजतात.

आज दोन वह्या आणल्यात. जेवणं झाली की म्हाताऱ्यांजवळ बसा. कुणाचं शेत कुठं, बांध कधीचा, विहीर कुणी खणली, स्मशान कुठं, लिहून घ्या. आजीच्या दाव्याला आजीचाच जबाब चालणार नाही. तिच्या बांधाचं शेजारणीनं सांगायचं, शेजारणीच्या विहिरीचं आजीनं. अंगठा घ्या, खाली तारीख टाका.