चांदोरीचा वाडा आणि दिल्लीची वकिली

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं, की निफाड तालुक्यात गोदाकाठी चांदोरी हे गाव लागतं. निफाड म्हटलं की द्राक्षं आणि कांदा आठवतो. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म 1842 मध्ये निफाडलाच झाला, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या राजकारणाचा एक धागा चांदोरीपर्यंत येतो. हा धागा म्हणजे इथलं हिंगणे घराणं आणि त्यांचा वाडा.

महादेवभट हिंगणे हे नाशिकचे, पेशव्यांचे तीर्थोपाध्याय. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्या मोहिमेत महादेवभट बरोबर होते. पुढे ते दिल्ली दरबारात पेशव्यांचे वकील झाले. त्यांच्यामागे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या मुलांनी ते काम चालवलं. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. परक्या दरबारात राहून बोलणी करायची, पैशांचे व्यवहार बघायचे आणि खरी बातमी वेळेवर पुण्याला कळवायची. अब्दालीच्या स्वाऱ्यांचा काळ समजून घेताना अभ्यासकांना हिंगण्यांची पत्रं चाळावीच लागतात.

दिल्लीत कमावलेला मान गावी दिसायचा तो वाड्यात. पेशवाईतल्या वाड्यांची रचना एकदा समजली, की त्यातून घराण्याचा कारभारही समजतो. दिंडी दरवाजातून देवडीत, तिथून चौकात. चौकाला लागून सदर, म्हणजे कारकून, हिशेब आणि आल्यागेल्यांची जागा. परका माणूस इथवरच. आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर. तिथं राज्य बायकांचं. कोण कुठपर्यंत येऊ शकतो, हे वाड्याचे उंबरेच सांगतात.

बांधणीही अशीच नेमकी. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. वाडा किती मोठा, हे लोक खणांत सांगत. वरचं ओझं पेलतो तो हा लाकडी सांगाडा. मधली भिंत पडली तरी वाडा उभा राहतो, पण एक खांब काढला तर तुळई झुकते आणि सगळंच खिळखिळं होतं.

हे सांगायचं कारण असं, की आमच्या भागातले वाडे खांबाखांबानं जात आहेत. पेशवाई 1818 मध्ये संपली आणि वाड्यांचा मूळ कारभारच गेला. मग वारस वाढले, वाटण्या झाल्या, मुलं शहरात गेली. चार घरांच्या मालकीचं छप्पर कुणी शाकारायचं? त्यात गोदाकाठचा पूर. 2016 च्या ऑगस्टमध्ये चांदोरी आणि सायखेड्यात पाणी शिरलं होतं. कोरीव खांबाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. तो एखाद्या हॉटेलच्या दारात शोभेला उभा राहतो. डागडुजीचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबाला मी दोष देणार नाही.

पण हिंगण्यांच्या कागदांचं काय झालं बघा. भारत इतिहास संशोधक मंडळानं 1940 च्या दशकात ‘हिंगणे दफ्तर’ छापलं. मोडीतली ती पत्रं आज कुणालाही वाचता येतात, त्यासाठी मूळ कागद हातात असावा लागत नाही.

वाड्यांसाठी निदान एवढं तरी करू या. शाळा-कॉलेजच्या मुलांनी टेप घेऊन खण मोजावेत, नकाशा काढावा, प्रत्येक खांबाचा आणि दरवाजाचा फोटो घ्यावा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावं: या खोलीला काय म्हणत? बाळंतीण कुठं निजायची? धान्य कुठं साठवत? हे दफ्तरात सापडत नाही. हे काम दोन रविवारांत होईल, आणि सांगणारी माणसं आहेत तोवरच होईल.