आतला पातळ थर

(भोकरदन येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



'गाड्याबरोबर नळ्याला यात्रा' ही म्हण तुम्ही ऐकली आहे. हा नळा कोणता? पूर्वी बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. गाडी पंढरपूरला निघाली, की नळाही निघे. फुकटची यात्रा घडली, म्हणून लोक त्याला हसत. पण आम्ही विचारतो, नळा घरी राहिला असता तर गाडी पंढरपूरला पोचली असती का? चाक करकरले असते. बैल दमले असते. आस झिजून वाटेतच खोळंबा झाला असता.

आपले भोकरदन फार जुने. सातवाहन राजांच्या काळी याला भोगवर्धन म्हणत. पैठणहून उज्जैनला जाणारी व्यापाराची वाट इथून जाई. त्या वाटेवरच्या गाड्यांनाही हीच अडचण असणार. चाक आसावर घासते, आणि घासले की झिजते.

तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर जोराने घासा बरे. गरम झाले ना? पुस्तकात याला घर्षण म्हणतात. घर्षणात ताकद वाया जाते. गाडीत ती बैलाची, यंत्रात ती डिझेलची. म्हणजे शेवटी पैसा आपलाच.

घर्षण कमी करायचे तीन उपाय आहेत.

पहिला उपाय वंगणाचा. तेलाचा थर मध्ये आला, की लोखंड लोखंडाला घासत नाही.

दुसरा उपाय गडगडण्याचा. जड ओंडका ओढायला कठीण, पण खाली गोल लाकडे घातली की सरकतो. बॉल बेअरिंगमध्ये तेच काम गोळ्या करतात. आपल्या जालन्यात एनआरबी कंपनीचा कारखाना आहे. ही कंपनी गोळ्यांऐवजी सुईसारख्या बारीक रोलरची बेअरिंगेही बनवते.

तिसरा उपाय थराचा. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

यंत्रात जिथे पिन फिरते, तिथे एक आखूड नळी बसवलेली असते. मिस्त्री तिला बुश म्हणतो. बुशाला दोन कामे असतात. भार सोसायचा, म्हणून तो कठीण हवा. आणि पिनेला झिजवायचे नाही, म्हणून तो मऊ हवा. एकच वस्तू कठीण आणि मऊ कशी असेल? उत्तर सोपे आहे. पाठ कठीण धातूची करायची आणि पोट मऊ धातूचे. कोल्हापूरची मेनन बेअरिंग्ज ही कंपनी अशी दोन धातूंची बेअरिंगे आणि बुश बनवते. पोलादाची पाठ, आत दुसऱ्या मऊ धातूचा थर. इंजिनात अशी बेअरिंगे असतात. त्यांना तेल मात्र सतत लागते.

मग कारागिरांनी विचार केला, की जिथे तेल पोचतच नाही तिथे काय करावे? त्याचे साधन अमेरिकेत सापडले. 1938 साली रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला एक पांढरी, मेणासारखी गुळगुळीत भुकटी सापडली. तिला टेफ्लॉन म्हणतात. ज्या तव्याला डोसा चिकटत नाही, त्या तव्यावर हाच लेप असतो.

पण इथे एक अडचण आली. टेफ्लॉनला काहीच चिकटत नाही, तर ते तरी पोलादाला कसे चिकटेल? गिलावा करताना गवंडी काय करतो, ते आठवा. भिंत फार गुळगुळीत असेल, तर तो तिच्यावर आधी टाकी मारतो. मग गिलावा त्या खाचांत धरून बसतो. इथेही तीच युक्ती आहे. 1950 च्या दशकात इंग्लंडातल्या ग्लेशियर कंपनीने तसे बुश बनवले. आता ते कसे करतात, ते ऐका.

पहिल्यांदा पोलादाची लांब पट्टी स्वच्छ करतात. तिच्यावर काशाचे बारीक गोल कण पसरतात. काशाची वाटी तुम्हाला ठाऊकच आहे. काशात तांबे आणि कथील असते. मग पट्टी भट्टीतून नेतात. भट्टीची आच 800 अंशांच्या वर असते. तरी कण वितळून वाहत नाहीत. ते एकमेकांना आणि पोलादाला फक्त चिकटतात. राजगिऱ्याच्या लाडवात दाणे दाण्यांना चिकटतात आणि मध्ये फटी राहतात, तसेच हे.

मग टेफ्लॉनचा लगदा त्या पट्टीवर थापतात आणि रुळांखाली दाबतात. लगदा फटींत शिरतो. थोडासा वरही राहतो. पट्टी पुन्हा भट्टीत जाते, म्हणजे टेफ्लॉन पक्के बसते. शेवटी पट्टी कापतात, वाकवून गोल करतात, आणि बुश तयार होतो.

वरचा टेफ्लॉनचा थर किती जाड असतो? एका मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातले एक ते तीन भाग, एवढाच. आपल्या डोक्याचा केस त्याहून जाड असतो! पिन फिरू लागली, की यातले थोडे टेफ्लॉन पिनेलाही लागते. मग टेफ्लॉनवर टेफ्लॉन सरकते. तेल नसले तरी चालते.

आता आमची चूक सांगतो. शहाणपण पुस्तकातून येते, तसे चुकीतूनही येते.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेकचे पेडल जड झाले होते. आम्ही नवा बुश आणला. तो असाच आत करड्या रंगाचा थर असलेला होता. पिन आत जाईना. आम्ही काय केले? बुशाला आतून कानस मारली, वर पॉलिश पेपर घासला. आतून पिवळा धातू चमकू लागला. आम्हाला वाटले, झाला स्वच्छ! पिन बसली. आम्ही खूश झालो.

कापसाच्या दिवसांत ट्रॉली भरून भोकरदनला निघालो. कापसावर घरचा एक पोरगा बसला होता. उताराला पेडल दाबले, तर ते अर्ध्यातच अडकले. ट्रॉली मागून ढकलत होती. ट्रॅक्टर बांधाला धडकून थांबला, म्हणून निभावले. पोरगा कापसासकट खाली आला. कापूस मऊ, म्हणून हाडे वाचली. त्या रात्री आम्हा कोणालाच झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पेडल उघडले. पिनेवर गंज होता आणि ओरखडे होते. म्हणूनच ती आत जात नव्हती. तो म्हणाला, "दादा, दोष पिनेचा होता आणि तुम्ही मारले बुशाला. जो थर काम करणार, तोच तुम्ही घासून टाकला." त्याचे बोलणे खरे होते. घाण म्हणून आम्ही जे खरवडले, तेच सारे मोल होते.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा.

बुशाला आतून कधीही कानस मारू नका. पिन जात नसेल, तर पिन पाहा. तिला गंज किंवा ओरखडे असतील, तर पिन बदला.

बुश थेट हातोडीने ठोकू नका. गोल दांडा आत धरून सरळ दाबून बसवा.

टेफ्लॉनच्या बुशाजवळ वेल्डिंग करू नका. ते फार तापले, तर त्याचा धूर विषारी असतो. त्याचा भुगा हाताला लागला असेल, तर हात धुतल्याशिवाय बिडी पेटवू नका.

अधूनमधून बुश उघडून पाहा. आत करडा रंग असेल, तर तो ठीक आहे. थोडे पिवळे ठिपके दिसले, तर घाबरू नका. बराचसा भाग पिवळा दिसू लागला, की बुश बदला. ब्रेकच्या बाबतीत तर उद्यावर टाकू नका.

आणखी एक सांगतो. सगळेच बुश बिनवंगणाचे नसतात. काही बुशांना आतून बारीक खळगे असतात. ते ग्रीस धरायला असतात. ते बसवतानाच ग्रीसने भरायचे. साध्या पितळी आणि बिडाच्या बुशांना वंगण लागतेच. बैलगाडीच्या आसालाही लागतेच. कोणता बुश कोणत्या जातीचा, ते खोक्यावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेले असते. आता तुम्हाला अक्षर येते. तो कागद फेकू नका. वाचा. आम्ही त्या दिवशी कागद न वाचताच फेकला होता.

उद्या घरी गेलात, की एक काम करा. आपल्या गाडीचे, पंपाचे, ट्रॅक्टरचे फिरणारे भाग मोजा. त्यांतल्या कशाला वंगण लागते आणि कशाला नाही, ते वहीत लिहा. न कळले ते मिस्त्रीला विचारा. नळ्याला लोक हसले, पण गाडी त्याच्याच जिवावर पोचली. आतला थरही तसाच आहे. तो दिसत नाही, पण उतारावर आपले लेकरू त्याच्याच भरवशावर बसलेले असते.